एआय एजंटच्या एपीआय किल्ल्या: डॉक्युमेंटेशन लिहिताना या चुका टाळा

एआय एजंट म्हणजे आपल्या वतीने स्वतःहून कामं करणारा प्रोग्राम, आणि एपीआय की म्हणजे एखादी सेवा वापरताना त्याने ओळख म्हणून दाखवायची गुप्त अक्षरमाळ. एजंटसाठी अशी की तयार करून देणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं. (यापुढे मी 'किल्ली' म्हणेन. मराठी वाक्यात 'की' दोन अर्थांनी आली तर वाचणारा अडखळतो.) 'किल्ली बनतच नाही' अशी तक्रार क्वचित येते. किल्ली बनते, पण चालत नाही किंवा नको तिथे जाऊन पडते. मूळ शोधत गेलं तर दोष पुष्कळदा आम्हीच लिहिलेल्या पानात निघतो.

सगळ्यात महागात पडते ती पहिल्याच उदाहरणात सगळ्या परवानग्या देऊन टाकण्याची चूक. नवीन माणूस अडायला नको, एवढाच लिहिणाऱ्याचा हेतू असतो. पण लोक पहिलं उदाहरण जसंच्या तसं उचलतात आणि पुढे कित्येक महिने तीच किल्ली कामात राहते. त्यातून एजंट बाहेरून आलेले ईमेल, वेबपानं, पीडीएफ वाचतो. त्यांत कुणी 'जुनी बिलं खोडून टाक' असं दडवून ठेवलं असेल, तर ती मालकाचीच सूचना समजून तो कामाला लागू शकतो. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. 'ओवास्प' या संस्थेच्या भाषा-मॉडेलवरच्या ॲप्लिकेशनना असलेल्या धोक्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर आहे. एजंट फसणारच नाही अशी हमी कुणी देत नाही, म्हणून किल्लीलाच खोडण्याचा हक्क नको. उदाहरण लिहायचं ते असं: नाव 'बिल-वाचक-चाचणी', परवानगी फक्त बिलं वाचण्याची, मुदत ३० दिवस. आणि एका एजंटला एकच किल्ली. चार एजंट एकाच किल्लीवर चालत असतील, तर गोंधळ कुणी घातला हे लॉग (प्रोग्रामच्या कामाची आपोआप होणारी नोंद) पाहूनही कळत नाही.

'किल्ली एकदाच दिसेल' ही सूचना बटण दाबायच्या आधी हवी. कित्येक टूल किल्लीचा फक्त हॅश (जिच्यावरून मूळ किल्ली परत काढता येत नाही अशी खूण) साठवतात, त्यामुळे ती पुन्हा दाखवणं त्यांनाही शक्य नसतं. आम्ही ही ओळ पूर्वी शेवटी लिहायचो. तोवर लोकांनी खिडकी बंद केलेली असायची. किल्ली ठेवायची कुठे, तेही तिथेच सांगा: सीक्रेट मॅनेजरमध्ये (गुपितं जपून ठेवणारी सेवा), किंवा निदान गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) न जाणाऱ्या एन्व्ह फाइलमध्ये (प्रोग्रामची सेटिंग्ज असलेली फाइल). एजंटच्या चॅटमध्ये किंवा प्रॉम्प्टमध्ये कधीच नाही.

नमुना किल्ली खऱ्यासारखी दिसू देऊ नका. ॲमेझॉनच्या क्लाउडच्या डॉक्युमेंटेशनमधली नमुना किल्लीत 'एक्झाम्पल' हा शब्द असतो, म्हणून ती खोटी असल्याचं पाहताक्षणी कळतं. आता तर आपली पानं कोड लिहिणारे एजंटही वाचतात आणि दिसेल ते कोडमध्ये उतरवतात.

अडचणींच्या पानावर '४०१ किंवा ४०३ आल्यास किल्ली तपासा' एवढंच लिहिलेलं मला अजिबात पटत नाही. हे सर्व्हरकडून उत्तरादाखल येणारे एरर-कोड आहेत. ४०१ म्हणजे किल्ली ओळखलीच नाही: चुकीची, मुदत संपलेली किंवा हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणारी माहिती) न पोचलेली. ४०३ म्हणजे ओळखली, पण या कामाची परवानगी नाही. दोन्हींत तोच कॉल, म्हणजे एपीआयला केलेली विनंती, पुन्हा पुन्हा करून काही साधत नाही. हे स्पष्ट न लिहिल्यास एजंट रात्रभर तेच करत बसतो. थांबून पुन्हा प्रयत्न करायचा तो ४२९ आल्यावर, कारण तिथे फक्त ठरावीक वेळेतल्या कॉलची मर्यादा ओलांडलेली असते.

आमच्याकडे एका सहकाऱ्याचा एजंट लॅपटॉपवर व्यवस्थित चालायचा आणि कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवायची बंदिस्त जागा) गेला की ४०१. तिने तीन नव्या किल्ल्या बनवल्या, तरी तेच. शेवटी किल्ली न छापता फक्त तिची लांबी छापून पाहिली. ४० अक्षरं हवी होती, आली ४२. एन्व्ह फाइलमध्ये किल्लीभोवती दुहेरी अवतरणचिन्हं होती. लॅपटॉपवरची लायब्ररी ती काढून टाकत होती, कंटेनर मात्र किल्लीचाच भाग समजून पुढे पाठवत होता. तेव्हापासून आमच्या पानावर पहिला उपाय 'लांबी मोजा' हा आहे. पूर्ण किल्ली लॉगमध्ये छापायला सांगणारा उपाय कधीही लिहू नका.

आता किल्ली बदलण्याचा क्रम. 'जुनी रद्द करा, नवी बनवा' असं लिहिलं तर मधल्या वेळेत एजंट बंद पडतो. आधी नवी बनवा, एजंटला द्या, एक कॉल करून पाहा. जुनीची 'शेवटचा वापर' ही वेळ पुढे सरकायची थांबली, की मग ती रद्द करा. फुटलेल्या, म्हणजे इतरांच्या हाती लागलेल्या, किल्लीला मात्र हा क्रम लावू नका. ती गिटमध्ये गेली असेल, तर पुढच्या कमिटमध्ये (गिटमध्ये केलेली बदलाची नोंद) पुसूनही इतिहासात राहतेच. तिथे एजंट बंद पडला तरी चालेल, किल्ली आधी रद्द करायची, आणि हे वाक्य पानाच्या अगदी वर हवं.