वस्तीवरील घरासाठी सौरऊर्जेवरचा बर्फ आणि शीतपेटी

राधानगरी-गगनबावड्याकडील वस्त्यांवर वादळी पावसात लाईन गेली की ती कधी येईल हे सांगता येत नाही, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर तर कोल्हापूर शहराजवळच्या गावांनाही याचा अनुभव आहे. अशा घरात दूध, लोणी, भाजी सौरऊर्जेवर गार ठेवायची असेल, तर रात्रीची सोय मोठ्या बॅटरीने करण्याऐवजी बर्फाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे दहा किलो बर्फात जवळजवळ एक युनिट (एक किलोवॅट-तास, म्हणजे ३,६०० किलोज्यूल) उष्णता ओढून घेण्याची ताकद असते, आणि पाण्याच्या बाटल्या बॅटरीसारख्या दर काही वर्षांनी बदलाव्या लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसी ठेवण्याचे फ्रीजही भारनियमनात याच तत्त्वावर, आतल्या बर्फाच्या अस्तरामुळे, गार राहतात.

त्यासाठी वरून झाकण उघडणारा, १२ व्होल्ट डीसी कॉम्प्रेसरचा, म्हणजे थेट बॅटरीवर चालणारा, शंभर लिटरच्या आसपासचा डीप फ्रीझर घ्यावा. उभ्या फ्रीजचे दार उघडले की गार हवा खाली सांडते. आडव्या पेटीत ती तळाशीच राहते. घरचा जुना, लाईनच्या एसी विजेवर चालणारा फ्रीज इन्व्हर्टरवर चालवण्याचा मोह होतो, पण इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यातच १५ वॅट घेत असेल, तर दिवसाला ३६० वॅट-तास तेथेच खर्च होतात.

फ्रीझरमध्ये एक लिटरच्या दहा बाटल्या ठेवाव्यात. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, म्हणून गळ्याखाली चार बोटे जागा सोडावी. संध्याकाळी या बाटल्या तीन इंच पफ (उष्णता अडवणारा फोम) असलेल्या, घट्ट झाकणाच्या वेगळ्या पेटीत ठेवाव्यात आणि खाद्यपदार्थ त्यांच्यालगत मांडावेत. पेटीत थर्मामीटर हवाच. पारा पाच अंशांच्या वर जाऊ लागला की बाटल्या बदलाव्यात.

या व्यवस्थेला रोज पाऊण ते एक युनिट लागेल असे धरावे. ३३० वॅटची दोन पॅनेल उन्हाळ्यात पाच तासांच्या चांगल्या उन्हात, तीस टक्के तूट वजा जाता, २.३ युनिट देतात. पावसाळ्यात दोन तासांचे ऊन मिळाले तर जेमतेम ०.९ युनिट. म्हणून हिशेब पावसाळ्याचाच करावा. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार पंधरा अंशांच्या आसपास ठेवावा. पाणी व धूळ वाहून जाण्यासही तो पुरतो. कौलांवर पॅनेल बसवण्यापेक्षा परड्यात लोखंडी अँगलचा, काँक्रीटमध्ये रोवलेला सांगाडा बरा. माझ्या पहिल्या जागी दुपारी तीननंतर फणसाच्या एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर यायची, आणि कोपराच झाकलेला असूनही चार्ज कंट्रोलरवरचा (पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या यंत्रावरचा) विजेचा आकडा निम्म्याखाली घसरायचा. सांगाडा दहा फूट सरकवल्यावरच तो त्रास संपला.

पॅनेलपासून एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) चार्ज कंट्रोलर, तेथून १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, आणि बॅटरीपासून फ्रीझर, असा क्रम ठेवावा. बारा व्होल्टवर करंट जास्त असतो व लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडून कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. म्हणून फ्रीझरला सहा स्क्वेअर एमएमची वायर घालावी, अंतर तीन-चार मीटरच्या आत ठेवावे आणि फ्यूज बॅटरीलगत बसवावा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट.

फ्रीझर सोप्याच्या सावलीत, चुलीपासून दूर ठेवावा. धारेचे कोमट दूध मात्र थेट पेटीत ठेवू नये. दहा लिटर दूध ३५ अंशांवरून पाचावर आणताना जेवढी उष्णता काढावी लागते, तिचा चौथा हिस्सा, किटली अर्धा-पाऊण तास विहिरीच्या गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून दूध अधूनमधून ढवळल्यास, फुकटच निघून जातो. ओले पोते गुंडाळलेला रांजण चैत्र-वैशाखात उपयोगी आहे, पण आषाढातील दमट हवेत पाणी उडतच नाही, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये. सलग झड लागून बॅटरी तीस टक्क्यांवर आली, तर नवा बर्फ करणे थांबवावे, तयार बाटल्या दूध-लोण्यापाशी ठेवाव्यात, भाजी बाहेर काढावी आणि झाकण दिवसातून दोनदाच उघडावे.