आधी घराण्याचा कागद, मग रक्ताची बाटली: हार्मोन, जनुकं आणि वाढतं वय

चाळिशी ओलांडली की थकवा, सुटलेलं पोट, उडालेली झोप या सगळ्याचं खापर हार्मोनवर फोडून बरेचजण थेट लॅब गाठतात. रिपोर्टवर एखादा आकडा ठळक छापून येतो आणि तिथून गोळ्या-जेलचं चक्र सुरू होतं. रक्त द्यायच्या आधी एक कोरा कागद घ्या.

त्यावर तीन पिढ्या मांडा: आजी-आजोबा, आईवडील नि त्यांची भावंडं, मग तुम्ही आणि तुमची भावंडं. प्रत्येकापुढे आजार लिहा आणि तो कितव्या वर्षी झाला ते लिहा. वय नसेल तर कागदाचा उपयोग निम्म्यावर येतो. ७८व्या वर्षी आलेला हार्ट अटॅक बहुधा वयाचा. ४९व्या वर्षी आलेला असेल तर घराण्याकडे बघावं लागतं. वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत, ही धोक्याची रेघ. अशा घरात कोलेस्टेरॉलसोबत लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, तपासा. ते मुख्यतः जनुकांवर ठरतं आणि फारसं हलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदाच पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर निघालं तर रक्तदाब, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि तंबाखू यांत सवलत नाही.

वडिलांकडची बाजू हमखास गाळली जाते. आत्याला तरुणपणी स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर बीआरसीए या, कॅन्सरपासून बचाव करणाऱ्या जनुकातला दोष वडिलांमार्फत मुलीकडे येऊ शकतो. मुलाकडे आला तर त्याचा प्रोस्टेट कॅन्सरचा धोका वाढतो. इथे घरपोच मिळणाऱ्या लाळेच्या किटवर विसंबू नका. त्यातली बरीचशी किट मोजकेच बदल तपासतात, त्यामुळे ‘दोष नाही’ असं आलं म्हणजे सुटलात असं नव्हे. जेनेटिक कौन्सेलरकडे (आनुवंशिक आजारांचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे) हाच कागद घेऊन जा.

आता पुरुषांचं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तिशी-चाळिशीपासून वर्षाला साधारण १ टक्का उतरतं. बायकांसारखा कडेलोट होत नाही. चूक होते ती मोजण्यात. हे हार्मोन सकाळी सर्वाधिक असतं, म्हणून ऑफिस सुटल्यावर दिलेल्या रक्तात ते कमी दिसणारच. सकाळी ७ ते १०, उपाशीपोटी रक्त द्या आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी तसंच पुन्हा द्या. ताप असताना किंवा रात्र जागून काढल्यावर नको: आठवडाभर रोज ५ तास झोपवलेल्या तरुणांमध्येसुद्धा दिवसाची पातळी १० ते १५ टक्के घसरलेली आढळली आहे. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा. बायोटिनमुळे थायरॉइडचे रिपोर्टही फसतात. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, खोटं कमी दिसू शकतं.

दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि लक्षणंही असतील, तरच पुढचा विचार. तेव्हा एलएच, म्हणजे वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन, तपासतात. दोष वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीत, ते त्यावरून कळतं. वजन जास्त असेल तर आधी ते उतरवा, आकडा बऱ्याचदा आपसूक चढतो. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊच नका, त्याने शुक्राणू तयार होणं मंदावतं, कधी थांबतंही. उपचार सुरू असताना हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवावं लागतं.

बायकांच्या बाबतीत उलटी चूक: नको तिथे तपासणी. ४५ नंतर पाळी अनियमित झाली, अंगातून वाफा निघू लागल्या, तर एफएसएच (बीजकोशाला चालना देणारं हार्मोन) तपासण्यात बहुधा अर्थ नसतो. या काळात ते एका महिन्यात वर, पुढच्या महिन्यात नॉर्मल असं नाचतं. सलग १२ महिने पाळी नाही, म्हणजे रजोनिवृत्ती. चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर मात्र तपासणी हवीच. आईची पाळी कधी गेली हेही कागदावर लिहा, कारण त्या वयावर जनुकांची छाप मोठी असते.

पाळी जाताना बाहेरून इस्ट्रोजेनसारखी बायकी हार्मोन देतात, त्या हार्मोन थेरपीची भीती २००२ मध्ये थांबवलेल्या एका मोठ्या चाचणीतून पसरली. तिच्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत सुरू केली तर, मनाई करणारं कारण नसल्यास, त्रासदायक लक्षणांसाठी फायद्याचं पारडं सहसा जड असतं. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन एकटं घ्यायचं नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरांना दाखवा. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीत टी-स्कोअर (तरुण हाडांशी तुलनेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ.

दोघांसाठी एक फुकटची तपासणी घरी होते. हात छातीवर आडवे, सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषाचे १४ किंवा बाईचे १२ पेक्षा कमी भरले तर मांड्यांची ताकद मागे पडलीय. आठवड्यातून किमान दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम करा, मूत्रपिंडं ठीक असतील तर शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज घ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.