पोरांना बोकड पाळायला देताय? या चुका टाळा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात अजूनही बऱ्याच घरी दोन-चार बकऱ्या आणि अंगणात कोंबड्या असतात. तरी गावातल्याच कितीतरी पोट्ट्यांना मटण म्हणजे बाजाराच्या दिवशी काळ्या पन्नीतून येणारी वस्तू वाटते. ते पन्नीत येण्याआधी कोणाच्या तरी गोठ्यात जन्मलं, कोणीतरी त्याला पाला तोडून घातला, हे मुलांना कळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी माझ्या दोन्ही लेकरांच्या हाती जनावरं दिली. पहिल्या खेपेला मी ते फार वाईट तऱ्हेनं केलं.

"रानात गेला, परतला नाही"

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मीच केली. दिवाळीनंतर आमच्या बकरीला दोन पिल्लं झाली. एकाला दूध पुरेना. थोरली तेव्हा आठ वर्षांची होती. तिनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून नाव ठेवलं चांद्या. शाळेतून आली की दप्तर ओट्यावर आणि ही गोठ्यात. मीही कौतुकानं सगळ्यांना सांगायचो, "हा आमच्या पोरीचा बोकड."

आषाढ लागला, आखाडीसाठी भाव चढला, तसा व्यापारी घरी आला. पोरगी शाळेत होती. मी पैसे मोजून घेतले आणि संध्याकाळी तिला सांगितलं, चांद्या रानात कळपासोबत गेला, परतला नाही.

दोन दिवस ती तिन्हीसांजेला वाटीत तुरीचं कुटार घेऊन नाल्यापर्यंत हाका मारत गेली. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरीनं तिला खरं सांगितलं. तिनं चांद्याला व्यापाऱ्याच्या गाडीवर बांधलेला पाहिला होता. घरी येऊन लेक मला एवढंच म्हणाली, "मले काऊन नाही सांगतलं?" बोकड विकला याचं तिला वाईट वाटलंच, पण त्यानंतर कितीतरी महिने मी काहीही बोललो की ती विचारायची, "खरं ना, बाबा?" ते ऐकायला फार जड जातं.

तेव्हा पिल्लू जन्मलं त्याच दिवशी सांगा, आणि सरळ शब्दांत सांगा: "हा बोकड आहे. मोठा झाला की विकायचा, त्याचं मटण होणार. पाठ, म्हणजे मादी पिल्लू, झाली असती तर दुधाला, वेताला ठेवली असती." लहान मूल दोन दिवसांच्या पिल्लाबद्दल हे ऐकून घेतं. आठ महिन्यांनी, गळ्यात गळा घालून झोपल्यावर ऐकवलं तर ते फसवल्यासारखंच वाटतं. शिवाय विकायचं कधी हे ठरवण्यात पोराचा शब्द धरणार नसाल आणि पैशातला वाटाही देणार नसाल, तर "तुझा बोकड" म्हणू नका. "घरचा बोकड, सांभाळायचा तू" असं म्हणा.

नाव ठेवू देऊ नका, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. लेकरू नाव ठेवणारच. आपण अडवलं तर मनात ठेवेल. नावानं काही बिघडत नाही, खोट्या आशेनं बिघडतं.

आणि खोटं आधीच बोलून झालं असेल तर? दुसऱ्या कोणी सांगायच्या आत स्वतः जवळ बसवून सांगा, माझं चुकलं म्हणा. त्याच दिवशी नवं पिल्लू आणून देऊन मन वळवू नका. आधी रडू द्या.

सुरुवातच बोकडापासून करणं

पहिला धडा कोंबडीचा असू द्या. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की २१ दिवसांत पिल्लं. सातव्या दिवशी रात्री अंधारात अंड्याखाली टॉर्च धरा. फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. माझा धाकटा ते पाहून श्वास रोखून बसला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वेळ असतो म्हणून लोक एप्रिल-मेमध्ये हे करतात. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. अंडी फसतात, पिल्लं माना टाकतात आणि मुलाच्या पदरी पहिल्यांदाच नुसती मेलेली पिल्लं येतात. दिवाळी ते होळी हा काळ बरा. ब्रॉयलरची पिल्लं आणली तर सहा आठवड्यांत कापायला येतात, पण अंड्यापासूनचा निम्मा धडा राहून जातो. गावठीच घ्या.

पिल्लं आठवड्याची झाली की पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून मानमोडी रोगावरची लासोटाची लस डोळ्यात थेंबानं घालून घ्या, नाहीतर हा रोग सगळं खुराडं रिकामं करतो. रोगानं मेलेलं पाखरू खायचं नाही, विकायचं नाही, खोल पुरायचं. मेलेलं आणि कापलेलं यातला फरक मुलाला इथंच समजावून सांगता येतो.

लाडानं चारणं

मुलांच्या हातून जनावर दगावतं ते बहुतेकदा मायेनं. बकरीनं तोंड घातलं की डब्यातले गहू, ज्वारी, उरलेला भात, सगळं तिच्यापुढे. बकरीचं पोट पाल्यावर चालणारं आहे. एकदम जास्त धान्य गेलं की ते पोटात आंबतं. डावी कूस फुगते, रवंथ थांबतो, जनावर दात खातं, कोपऱ्यात मान खाली घालून उभं राहतं. आंत्रविषार हा रोगही अशाच अचानक जास्त खाण्यातून उफाळतो. त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची असते.

असं दिसलं की नाळ्यानं भराभर तेल पाजत बसू नका. ठसका लागला तर ते फुफ्फुसात जातं. दवाखाना गाठा किंवा फिरत्या पथकासाठी १९६२ लावा. मुलाला धान्याचं माप ठरवून द्या, एक मूठ म्हणजे एकच मूठ, आणि धान्याचा डबा उंचावर ठेवा. ज्वारीचे कोवळे फुटवे विषारी असतात, तिकडे बकरी सोडायची नाही हेही त्याला पाठ असलं पाहिजे. बकरी गाभडली तर पडलेल्या पिल्लाला आणि जाराला लेकरांना हात लावू देऊ नका. त्यातून माणसाला रोग लागतो.

औषधाचंही एक सांगतो. टोचलेल्या किंवा पाजलेल्या औषधानंतर किती दिवस मांस खायचं नाही हे डॉक्टरांना विचारा, आणि कॅलेंडरवर ती खूण मुलाच्याच हातानं करू द्या.

बळजबरीनं दाखवणं, नाहीतर सगळंच लपवणं

"पाह्य, मर्द हो," म्हणत रडणाऱ्या पोराला कापताना समोर उभं करणारे काकाजी मी पाहिले आहेत. त्यातून पोरगं एवढंच शिकतं की रडलं की लोक हसतात. उलट काही घरी लेकरांना शेजारी पाठवून परस्पर उरकतात. दोन्ही करू नका. आधी विचारा: पाहायचं आहे, की झाल्यावर यायचं आहे, की यायचंच नाही? मधूनच निघून जाता येईल हेही सांगा. सुरी धारदार हवी, हात सरावाचा हवा, बाकीच्या कोंबड्या आडोशाला. आणि दारू प्यायलेला माणूस आसपास नको.

आमच्याकडे कोंबडा कापला तेव्हा थोरली आत थांबली. कोंबडा शांत झाल्यावर धाकटा आला. गरम पाण्यात बुडवून पिसं काढायला त्यानं मदत केली. मग मी पोटा चिरून दाखवला: जाड मांसाची पिशवी, आत बारीक खडे आणि त्यानंच संध्याकाळी फेकलेल्या ज्वारीचे अर्धवट दळलेले दाणे. त्यानं एक दाणा बोटावर घेतला. "हे तर मी टाकलेली जवारी हाय." कोंबडीला दात नसतात, खडे हेच तिचं जातं, हे मला वेगळं समजवावं लागलं नाही. तोवर थोरलीही दारात येऊन उभी होती.

न खाणाऱ्याला चिडवणं

आमची आई माळकरी. मटणाची चूल मागच्या अंगणात, भांडी वेगळी. मुलांना हे शिकवायचं ठरवलं तेव्हा आधी तिला विचारलं, कारण एकाच घरात लेकरांना दोन बाजूंनी दोन गोष्टी ऐकायला लागल्या तर ती गोंधळतात. ती म्हणाली, "खाता तं माहीत असू द्या."

मूल काही दिवस किंवा कायमचं मटण सोडेल, त्याची तयारी ठेवा. थोरली वर्षभर शिवली नाही. आता कोंबडी खाते, बोकड खात नाही. डाळ, अंडी, दूध ताटात आहे तोवर काळजीचं कारण नाही.

पोळ्याच्या दिवशी बैल सजवताना धाकट्यानं विचारलं, मग बैलाले काऊन नाही कापत? असा प्रश्न येणारच, झिडकारू नका. राज्यात १९७६ चा प्राणी रक्षणाचा कायदा आहे, गाय त्या कायद्यानं आणि बैल, वळू २०१५ च्या दुरुस्तीपासून कापता येत नाहीत, हे सांगा. आपण त्याच्या मेहनतीवर पेरतो, हेही सांगा. शेजारच्या घरी ताटात काय असतं यावरून मात्र तोंडातून वावगा शब्द निघू देऊ नका; पोरं तो दुसऱ्याच दिवशी शाळेत नेतात.

यंदा गोठ्यात पुन्हा एक बोकड आहे. विकायचा महिना जन्माच्या दिवशीच खडूनं भिंतीवर लिहिला. थोरली दर रविवारी त्याला झोळीत घालून ताणकाट्याला लावते आणि वजन वहीत टिपते. जिवंत वजनाच्या साधारण निम्मं मटण पडतं, हा हिशोब तिनंच भावाला शिकवला. गेल्या आठवड्यात व्यापारी नुसता पाठीवरून हात फिरवून भाव सांगायला लागला, तर ती वही घेऊन बाहेर आली. "अंदाजानं नाही काका, काट्यावर सांगा."