डोळ्यांखाली, कपाळाला फिलर घेताय? या चुका टाळा

डोळ्यांखालचं काळं जावं म्हणून फिलर घेतलं, काळं होतं तसंच राहिलं आणि वर सूज आली. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचं पुष्कळदा इंजेक्शनच्याही आधी काहीतरी चुकलेलं असतं. काळं नेमकं कशामुळे आहे, हे कोणी नीट पाहिलेलंच नसतं.

फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायलुरोनिक अ‍ॅसिडचं जेल. ते खड्डा भरतं. रंग उजळवत नाही, सैल कातडी ताणत नाही, डोळ्यांखालच्या पिशव्या घालवत नाही. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी बरेच पैसे आणि मनस्ताप वाचेल.

सरसकट सगळ्या काळेपणावर फिलर

क्लिनिकची पायरी चढण्याआधी घरी एक तपासणी करून पाहा. दिवसा, मेकअप आणि काजळ काढून, खिडकीकडे तोंड करून आरसा घेऊन बसा. डोक्यावरचा दिवा बंद ठेवा, कारण वरून पडणाऱ्या उजेडात कोणाचेही डोळे खोल दिसतात. आता हनुवटी हळूच वर उचला. उजेड थेट पडल्यावर काळेपणा बराचसा नाहीसा झाला, तर ती खड्ड्याची सावली आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरकी उतरणारी ती रेघ डॉक्टरांच्या भाषेत टिअर ट्रफ. फिलरचा खरा उपयोग इथेच.

मग खालच्या पापणीची कातडी बोटाने अगदी हलकी ताणा. तपकिरी छटा तशीच राहिली तर ते रंगद्रव्य आहे. आपल्याकडच्या त्वचेत हे फार आढळतं, घराण्यात चालत येतं आणि अनेकदा वरच्या पापणीवरही असतं. अ‍ॅलर्जीमुळे सतत डोळे चोळणं, एखादं काजळ किंवा केसांचा रंग न मानवणं, यानेही ते वाढतं. त्यावर सनस्क्रीन, मलमं, सौम्य पील किंवा लेझर असे उपाय आहेत, आणि त्यांना महिने लागतात. छटा निळसर-जांभळी असेल आणि ताणल्यावर गडद होत असेल, तर पातळ कातडीतून आतल्या रक्तवाहिन्या दिसताहेत.

शेवटी मान न हलवता फक्त नजर वर न्या. डोळ्यांखालचा फुगवटा ठळक झाला तर ती पुढे सरकलेली चरबी आहे. पिशवी मोठी असेल तर तिच्या खाली जेल भरून ती लपत नाही, चेहरा मात्र जड दिसू लागतो. तिथे खालच्या पापणीची शस्त्रक्रिया हाच सरळ मार्ग, आणि ते स्पष्ट सांगून प्लास्टिक सर्जनकडे पाठवणारा डॉक्टर तुमचं भलंच करतो. सूज सकाळी जास्त आणि संध्याकाळपर्यंत कमी होत असेल, तर आधी थायरॉइड तपासा, सायनस आणि अ‍ॅलर्जीकडे बघा. हिमोग्लोबिनही बघून घ्या, आपल्या बायका ते वर्षानुवर्षं तपासतच नाहीत.

यातली दोन-तीन कारणं एकाच चेहऱ्यावर असतात, त्यामुळे घरची तपासणी हे निदान नव्हे. पण डॉक्टरांनी यातलं काहीच न पाहता थेट सिरिंजचा भाव सांगितला, तर तिथून उठून यायला हरकत नाही.

"पैसे भरलेच आहेत, तर सगळी सिरिंज संपवा"

सिरिंज साधारण १ मिलीची असते. डोळ्यांखाली एवढं सगळं लागेलच असं नाही, अनेकदा दोन्ही बाजू मिळूनही थोडं उरतं. उरलेलं वाया जातंय म्हणून तेही भरून घेण्याचा मोह आवरा. हे जेल पाणी धरून ठेवतं आणि पापणीखालच्या भागातून पाण्याचा निचरा मुळात मंद असतो. त्यामुळे पहिल्या दिवशी बरोबर वाटलेलं माप नंतर जास्त ठरू शकतं. थोडं कमी भरून दोन-चार आठवड्यांनी पुन्हा बघणं केव्हाही शहाणपणाचं. उरलेली सिरिंज "फ्रिजमध्ये ठेवतो, पुढच्या वेळी वापरू" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. मैत्रिणीबरोबर अर्धी-अर्धी तर कधीच नको. एकदा उघडलेली सिरिंज निर्जंतुक राहत नाही.

आता एक सापळा, ज्यात समजदार माणसंही अडकतात. जेल कातडीच्या फार जवळ बसलं की त्यातून प्रकाश विखुरतो आणि वरून निळसर पट्टा दिसतो. याला टिंडल परिणाम म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, काळं अजून आहे, म्हणजे फिलर कमी पडलं. मग आणखी भरलं जातं आणि निळेपणा वाढतो. फिलरनंतर छटा आधीपेक्षा निळी वाटली, तर "अजून थोडं" हा पर्याय बाजूला ठेवा आणि जेल विरघळवण्याबद्दल विचारा. हायलुरोनिडेज नावाच्या एन्झाइमच्या इंजेक्शनने हे जेल विरघळतं.

दर वर्षी ठरल्याप्रमाणे टॉप-अप, हीसुद्धा याच जातीची चूक. वर्षभर टिकतं असं सांगितलं जातं, पण डोळ्यांभोवती हे जेल कित्येक वर्षं राहिलेलं एमआरआयमध्ये दिसलेलं आहे. आरशात खड्डा पुन्हा दिसत नसेल तर कॅलेंडर बघून इंजेक्शन घेऊ नका.

हायलुरोनिक अ‍ॅसिड सोडून दुसरा पदार्थ डोळ्यांखाली भरून घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. कॅल्शियमयुक्त किंवा कायमस्वरूपी फिलरच्या गाठी झाल्या तर विरघळवायला औषध नाही.

कपाळावरच्या आठ्या फिलरने भरायला जाणं

भुवयांमधल्या उभ्या आठ्या आणि कपाळावरच्या आडव्या रेघा मुख्यतः स्नायूंच्या हालचालीने पडतात. त्यांचा पहिला उपाय बोटॉक्स, म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. ते स्नायू सैल करतं. फिलर जागा भरतं. दोन्ही सुईनेच देतात म्हणून लोक एकच समजतात, आणि "बोटॉक्स स्वस्तात करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात नक्की काय आहे हेही विचारत नाहीत.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण चेहऱ्याच्या वरच्या भागातला सगळ्यात गंभीर धोका याच जागी आहे. भुवयांमधून आणि कपाळातून जाणाऱ्या छोट्या धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्याच शाखा आहेत. सुईचं टोक अशा धमनीत गेलं आणि दाब देऊन जेल सोडलं, तर ते उलट दिशेने मागे ढकललं जातं आणि पुढे दृष्टिपटलाच्या धमनीत जाऊन अडकू शकतं. त्या डोळ्याची दृष्टी काही सेकंदांत जाते आणि बहुतेकदा परत येत नाही. २०१५ साली 'डर्मेटॉलॉजिक सर्जरी' या नियतकालिकात जगभरातल्या अशा ९८ घटनांचा आढावा आला. त्यात सर्वांत जास्त घटना भुवयांमधल्या जागेच्या होत्या, त्याखालोखाल नाकाच्या. कपाळही वरच्या चारांत होतं. फिलर घेणाऱ्यांची संख्या पाहता ही घटना दुर्मीळ आहे. पण एका आठीसाठी एवढा धोका पत्करायचा का, हे सुई टोचण्याआधी ठरवायचं असतं. बोटॉक्सनंतरही खोल रेघ उरलीच, तर फिलरचा विचार अनुभवी हातांनीच करावा.

कानशिलं वेगळी. वजन झपाट्याने उतरलं की ती आत जातात आणि चेहरा थकलेला दिसतो. तिथे फिलर चांगलं काम करतं, पण तिथूनही मोठी धमनी जाते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, डोळ्यांखालच्या खड्ड्यासाठी 'व्होल्बेला' या फिलरला २०२२ मध्ये आणि कानशिलांसाठी 'व्होल्युमा' या फिलरला २०२४ मध्ये मान्यता दिली. म्हणजे फिलर हा प्रकार जुना असला, तरी या जागांची अधिकृत मान्यता अलीकडची आहे.

वेदना आणि पांढरेपणाकडे दुर्लक्ष

थोडी सूज आणि निळा-जांभळा डाग स्वाभाविक आहे, आठवडा-दोन आठवड्यांत उतरतो. धमनी अडकल्याची खूण वेगळी असते. कातडी अचानक पांढरी पडते, किंवा जाळीसारखी जांभळट नक्षी उमटते आणि ती टोचलेल्या जागेपासून लांबही पसरते. प्रमाणाबाहेर दुखतं. भुलीच्या क्रीममुळे कधीकधी दुखत नाही, म्हणून दुखण्याचीच वाट पाहू नका. त्या जागी बोटाने दाबून सोडा आणि दुसऱ्या बाजूशी तुलना करा. रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा. "बर्फ लावा, उद्या बघू" एवढंच उत्तर मिळालं तर तिथे अडकून राहू नका, तडक मोठं रुग्णालय गाठा. धूसर दिसणं, एका डोळ्याने अंधारी, पापणी पडणं, डोळ्यात जोराची कळ यातलं काहीही झालं, तर त्याच क्षणी नेत्ररुग्णालय. तिथे मिनिटांना किंमत असते.

म्हणूनच आधीच्या भेटीत एक प्रश्न विचाराच: "हायलुरोनिडेज इथे, आत्ता, किती आहे?" डोळ्याच्या ऑपरेशनच्या भुलीत ते नेहमी वापरतात, मिळायला अवघड नाही. ते न ठेवता फिलर देणाऱ्याकडे सबब उरत नाही. गांधीलमाशी किंवा मधमाशी चावून तुम्हाला मोठी अ‍ॅलर्जी झाली असेल तर तेही सांगा, कारण अशांना या एन्झाइमचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते.

पार्लर, घरपोच सेवा आणि 'पेन'

हे काम त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनचं. महाराष्ट्रात डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच कसला? सुईविना दाबाने फिलर सोडणाऱ्या 'हायलुरॉन पेन'विरुद्ध अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये इशारा दिला आहे.

सीलबंद पेटी तुमच्यासमोर उघडली पाहिजे. आयातदाराचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत वाचा. पेटीतल्या स्टिकरपैकी एक स्वतःच्या फाइलला लावून घ्या. पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर आत काय आहे ते त्यांना त्यावरूनच कळेल.

हळदीच्या आठ दिवस आधी

लग्नसराईत ही चूक हमखास होते. घरातल्या कार्याच्या निदान सहा आठवडे आधी काम उरका, म्हणजे सूज उतरायला आणि गरज पडली तर दुरुस्तीला वेळ राहतो. नंतरचे दोन आठवडे चेहऱ्याचा मसाज, पार्लरचं फेशियल, गालाला खसाखसा हळद चोळणं, सगळं टाळा. दातांचं मोठं कामही या काळात नको, पुढे ढकला. पहिले एक-दोन दिवस जिम, सॉना आणि दारू बंद.

गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा चेहऱ्यावर कुठे संसर्ग असेल, तर थांबा. दुखण्याच्या गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांनी सुईचे निळे-जांभळे डाग वाढतात, म्हणून ते आधी सांगा. मात्र हृदयविकारासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ती तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच थांबवायची, आणि त्यांनी नाही म्हटलं तर फिलर राहू द्यायचं.