नाशिक ते पुणे गाडीत मांजराचं ओरडणं, लाळ, उलटी: काय लागू पडलं

नाशिकचा द्वारका चौक ओलांडला की आमची मनी ओरडायला लागायची, सिन्नरपर्यंत लाळ, चंदनापुरी घाटात उलटी. मांडीवर घेणं, कापडी पिशवी, मंद गाणी, कशाचाच उपयोग झाला नाही. तिचे हाल बघवत नव्हते.

लागू पडलं ते याच क्रमाने. कडक प्लास्टिकचा कॅरिअर (मांजर न्यायची दाराची पेटी) दोन-तीन आठवडे आधी हॉलमध्ये उघडा ठेवला. जेवण त्यातच, आत माझी न धुतलेली ओढणी. ती आपणहून आत झोपू लागल्यावरच दार लावलं; मग इंजिन बंद असलेल्या गाडीत बसवलं, मग गंगापूर रोडवर छोटी फेरी. प्रवासाच्या दिवशी चार तास आधी खाणं बंद, पाणी चालू. प्राण्यांच्या डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं गॅबापेन्टिन (भीती कमी करून शांत ठेवणारं औषध) निघण्याच्या दोन तास आधी. ते घरी एकदा देऊन पाहिलेलं हवं. माणसांची गोळी मनाने अजिबात देऊ नका.

कॅरिअर पुढच्या सीटमागे खाली घट्ट बसवला आणि वर सुती चादर टाकली, हवेसाठी एक बाजू मोकळी. माझ्या मते हे झाकणंच सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरची पळापळ दिसत नाही. आता संगमनेरपर्यंत ती झोपून असते. तिथे थांबलो तरी कॅरिअर उघडत नाही, आणि उन्हात तिला गाडीत एकटी ठेवत नाही.