पिकअपचं इंजिन टिकटिक करतंय?
डिझेल पिकअप सकाळी टिकटिक करायला लागली की लगेच टॅपेट सेटिंगला (व्हॉल्व्हची फट जुळवायला) टाकू नका. आधी सपाट जागेवर, इंजिन बंद असताना डिपस्टिक काढून ऑइल बघा. ते कमी पडलं की वरचे पार्ट वाजतातच. ऑइल ठीक असेल तर इंजिन चालू करून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर (इंजिनच्या वरच्या झाकणावर) टेकवा आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावा, टिकटिक तिथूनच येते का ते ऐकू येईल. गळ्यातला गमछा मात्र आधी काढून ठेवा, फॅनबेल्ट शेजारीच असतो.

थंड इंजिनात टिकटिक आणि तापल्यावर गायब? मग संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर. गॅस्केट (सांध्यातली सील) गेलं किंवा स्टड (सांधा आवळणारा बोल्ट) तुटला की फटीतून धूर फटफटतो. धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते. मॅनिफोल्ड इंजिन हेडला जोडतो त्या सांध्याशी काजळीचा पट्टा दिसला, तर जवळजवळ पक्कंच समजा.

कॉमन रेल इंजिनात (एकाच सामाईक पाइपमधून सगळ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल मिळतं ते) डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची बारीक टकटक असतेच. ती शोधायला चालू इंजिनात इंजेक्टरचे डिझेल पाइप ढिले करायची जुनी सवय जिवावर बेतेल, कारण आत १,००० बारहूनही जास्त दाब असू शकतो. आवाज खालून, जड ठोक्यासारखा येत असेल आणि रेस केल्यावर वाढत असेल, तर इंजिन बंद करा, गाडी टो करूनच न्या.