सेंटर स्पीकर फ्रंटला लावताय? मग ते उभे करा

होम थिएटरमध्ये टीव्हीखाली ठेवतात तो आडवा स्पीकर म्हणजे सेंटर. असे तीन सेंटर स्पीकर एकाच मॉडेलचे घ्यायचे, एक टीव्हीखाली आणि दोन डाव्या-उजव्या बाजूला, म्हणजे फ्रंट स्पीकरच्या जागी. हा जुगाड नाही, समोरचा आवाज जुळवण्याचा हा उत्तम मार्ग आहे. पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे जाते तेव्हा तिचा आवाज मध्येच बदलत नाही, कारण तिन्ही ठिकाणी तोच वूफर (जाड आवाज काढणारा भाग) आणि तोच ट्वीटर (बारीक आवाज काढणारा भाग) असतो. थिएटरातही पडद्यामागचे तीन स्पीकर याच कारणासाठी सारखे ठेवतात. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा अँप्लिफायर), वायर आणि सब-वूफर (फक्त खालच्या बेसचा वेगळा स्पीकर) तुमच्याकडे आहे असं धरून पुढचं लिहितो. सब-वूफर नसेल तर आधी तो घ्या, कारण बहुतेक सेंटर स्पीकर खालचा बेस देण्यासाठी बनलेलेच नसतात.

पहिलं काम म्हणजे जाळी काढून आत बघणं. दोन वूफर आणि त्यांच्या मधोमध ट्वीटर, सगळे एका ओळीत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मध्यभागी ट्वीटर आणि त्याच्या बरोबर खाली छोटा मिड-रेंज (मधल्या सुरांचा भाग) असेल, तर ते थ्री-वे सेंटर आडवं ठेवण्यासाठीच बनवलेलं असतं. ते उभं केलंत तर ट्वीटर आणि मिड-रेंज शेजारी-शेजारी येतील आणि पुढे सांगतो तो, टाळायचा दोषच ओढवून घ्याल. ते फ्रंटलाही आडवंच ठेवा.

आता खरा अडचणीचा भाग. मी यात जवळजवळ एक हिवाळा घालवला. दुकानात मला सांगितलं होतं, "आडवे ठेवा नाहीतर उभे, काही फरक पडत नाही." टीव्ही युनिटवर आडवे छान बसतात म्हणून मी दोन्ही फ्रंट तसेच ठेवले. सिनेमातले संवाद ठीक वाटायचे, पण गाणं लावलं की गायकाचा आवाज पोकळ यायचा. सोफ्याच्या टोकाला बसलेल्या आईला तर गाणारा शेजारच्या खोलीत असल्यासारखा वाटायचा. मी वायर बदलली, कॅलिब्रेशन (माइक लावून रिसीव्हरकडून आवाज जुळवून घेणं) सात-आठ वेळा केलं, ट्रेबल वाढवून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

कारण साध्या भूमितीत आहे. आडव्या स्पीकरमधले दोन्ही वूफर एकच आवाज काढतात. तुम्ही बरोबर समोर बसलात तर दोघांचा आवाज कानाशी एकाच वेळी पोहोचतो. बाजूला सरकलात की एक वूफर जवळ येतो, दुसरा लांब जातो. दोन वूफरच्या केंद्रांत 30 सेंटिमीटर अंतर आहे आणि तुम्ही 30 अंश बाजूला आहात असं धरा. मग एकाचा आवाज 15 सेंटिमीटर जास्त प्रवास करून येतो. 1100 ते 1200 हर्ट्झच्या आसपास ही बरोबर अर्धी तरंगलांबी होते, आणि दोन्ही वूफर एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात, म्हणजे तिथे आवाजात खड्डा पडतो. माणसाच्या आवाजातला महत्त्वाचा भाग या पट्ट्यातही येतो.

सेंटरच्या जागी हे फारसं जाणवत नाही, कारण मुख्य बैठक त्याच्या समोरच असते. फ्रंट स्पीकर मात्र मुख्य बैठकीपासून 22 ते 30 अंश बाजूलाच लावतात. ते भिंतीला समांतर, सरळ समोर तोंड करून आडवे ठेवलेत, तर घरातली सगळ्यात चांगली जागासुद्धा त्या खड्ड्यात जाते. मी नेमकं हेच केलं होतं.

स्पीकर उभा केला की दोन्ही वूफर एकावर एक येतात. सोफ्याच्या या टोकाला बसा की त्या टोकाला, दोघांपासूनचं अंतर सारखंच राहतं. खड्डा नाहीसा होत नाही, पण तो वर छताकडे आणि खाली जमिनीकडे जातो, जिथे कुणाचे कान नसतात. जोसेफ डॅपोलिटो यांनी 1983 मध्ये ही वूफर-ट्वीटर-वूफर रचना मांडली तीही उभीच. ती आडवी झाली ते केवळ टीव्हीखाली जागा कमी म्हणून.

पण उभं केल्यावर उंचीला महत्त्व येतं, आणि इथे हयगय करू नका. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. आमच्या सोफ्यावर कान जमिनीपासून 95 सेंटिमीटरवर येतो आणि उभ्या स्पीकरचा ट्वीटर तळापासून 24 सेंटिमीटरवर आहे, म्हणून सुताराकडून 71 सेंटिमीटर उंच स्टँड करून घेतले. दहा अंशांपर्यंतची चूक चालते, म्हणजे अडीच मीटर अंतरावर साधारण 44 सेंटिमीटर. त्याहून उंच भिंतीवर टांगायचे असतील तर खाली झुकवा.

उभं खोकं अरुंद असतं आणि लहान मुलाच्या धक्क्याने पडतं. स्टँडचा पाया रुंद व जड ठेवा आणि स्पीकरखाली चिकट पुट्टीचे चार गोळे लावा. आडव्या स्पीकरसाठी दिलेल्या मागच्या खाचांवर उभा स्पीकर टांगू नका, वजन त्या बाजूने पेलायला त्या केलेल्या नसतात. ट्वीटर किंचित एका बाजूला असेल तर डावा-उजवा आरशातल्यासारखे ठेवा. तोंडं मुख्य बैठकीकडे वळवा. मागे पोर्ट (हवा बाहेर पडायचं भोक) असेल तर भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

टीव्हीखालचा सेंटर आडवाच राहू द्या, फक्त तोंड कानाकडे वर करा. टीव्हीऐवजी आवाज आरपार जाऊ देणारा प्रोजेक्टरचा पडदा असेल आणि सेंटर त्याच्यामागे असेल, तर मात्र तोही उभा करा.

वायर जोडताना लाल-काळा जपा. स्पीकरच्या मागे त्याचा विद्युत रोध 4 ओहम लिहिलाय का ते बघा आणि तुमचा रिसीव्हर ते चालवतो का, हे त्याच्या पुस्तिकेत तपासा. दोन सेंटर एकाच टर्मिनलवर समांतर जोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, रोध निम्मा होऊन रिसीव्हर तापतो.

मग कॅलिब्रेशन, माइक कानाच्या उंचीवर ठेवून. ते झाल्यावर मेनूत जाऊन बघा, कारण भिंतीजवळच्या स्पीकरला रिसीव्हर कधीकधी "लार्ज" ठरवतो, म्हणजे खालचा बेसही त्यालाच देतो. तिन्ही "स्मॉल" करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सब-वूफरकडे जातो ती सीमा) 80 हर्ट्झ ठेवा. वूफर चार इंची असतील तर 100.

शेवटी एकाच फ्रंट स्पीकरवर पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला एकसारखा "शूं" आवाज) लावा, तो सरळ समोर तोंड करून ठेवा आणि सोफ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत ऐका. मग तोच स्पीकर त्याच जागी आडवा करून पुन्हा सरका. आडवा असताना मध्येच आवाज पोकळ होतो, ती जागा कान लगेच पकडतात. ऐकून झाल्यावर स्पीकर परत उभा करून सोफ्याकडे वळवा आणि दुसऱ्या बाजूच्या स्पीकरवर हेच करा.